अप्पांची दुसरी चाल

दुपारी एक ते चार आमचं भांड्यांचं दुकान बंद असतं. अर्धं शटर ओढून मी गादीवर पाय पसरून बसलेय. मांडीवर स्टीलचं ताट, हातात नावं घालायचं मशीन. उद्या सकाळी स्पर्धेचं उद्घाटन आहे आणि विजेत्याचं ताट अजून पुरं व्हायचंय. काठावर 'कै. विलास करडे स्मृती बुद्धिबळ स्पर्धा, वर्ष चाळिसावे' एवढं झालंय. पुढं 'आणि अखेरचे' घालायचं की नाही, यावर गाडी अडलीय. मशीनच्या गुणगुणण्यानं बोटं बधिर होतात. मी ते बंद करते, तरी गुणगुण चालूच राहते. मग लक्षात येतं की तो पंखा आहे. मग पंखाही लांब लांब जातो.

"शकू, पाणी तापलं का गं?"

समोर घागरींच्या उतरंडीशेजारी अप्पा बसलेत. माझे वडील. अंगात बाह्यांची बंडी, कानामागं पेन्सिल. त्यांना जाऊन चार वर्षं झाली हे मला ठाऊक आहे, पण तसं म्हणणं आत्ता बरं दिसणार नाही.

"बघते," म्हणून मी उठते आणि आतला पडदा बाजूला सारते.

आत न्हाणीघर नाही, मंगल कार्यालयाचा हॉल आहे. पांढऱ्या चादरी घातलेली टेबलं, टेबलांवर पट, प्रत्येक पटाशेजारी एक फुलपात्र. खेळायला माणूस एकही नाही, पण घड्याळं सगळी चालू आहेत.

"किती झाले यंदा?" अप्पा विचारतात. ते माझ्या आधीच आत आलेत.

"एकतीस."

"पहिल्या वर्षी अकरा होते. दुकानाच्या ओट्यावर बसवले होते."

होते खरे. त्यातले दोघे तर शेजारच्या टेलरकडची पोरं होती, संख्या भरावी म्हणून बसवलेली. पैसे नव्हते म्हणून अप्पांनी बक्षिसं दुकानातलीच काढली. पहिल्याला पितळी बंब, दुसऱ्याला कुकर, आणि हरो वा जिंको, येईल त्याला नाव घातलेलं फुलपात्र. पुढं नागपूर-नाशिकहून खेळाडू कराडला यायला लागले, एका साली तर दोनशे चौदा आले. आजही बुद्धिबळवाल्या कुठल्याही घरी जा, पाणी आमच्याच फुलपात्रातून मिळेल. नावं अप्पा स्वतः घालायचे, छिन्नी-हातोडीनं, ठिपक्याठिपक्यांनी. हात इतका जड की ठिपका मागच्या बाजूनं वर यायचा. मी मशीन आणलं तेव्हा म्हणाले होते, "हे नुसतं ओरखडतं गं. नाव कसं, आतपर्यंत गेलं पाहिजे."

आता अप्पा पहिल्या टेबलापाशी उभे आहेत. गळ्यात हार, हात पटावर अधांतरी. माझ्या कानाशी वाकून हळूच विचारतात, "कुठलं?"

"राजासमोरचं. दोन घरं."

ते प्यादं उचलतात, दोन घरं पुढं ठेवतात आणि हात जोडतात. छत्तीस वर्षं उद्घाटन असंच झालं. दर वर्षी तोच प्रश्न, तेच उत्तर. पाहुणे कौतुकानं म्हणायचे, केवढं हे खेळावरचं प्रेम! आम्ही दोघं खाली बघायचो.

टाळ्या वाजतात. वाजतच राहतात, आणि मग त्या टाळ्या नसतात, लाकडं तडतडत असतात. आम्ही परसात आहोत. बंब पेटलाय. अप्पा त्याच्यासमोर पाटावर बसलेत आणि चिमट्यानं राख उकरतायत.

या बंबातच त्यांनी विलासचा पट घातला होता. त्र्याऐंशी साल, माझा भाऊ विलास एकोणीस वर्षांचा, माझ्याहून एका वर्षानं लहान. बी.कॉम.ची परीक्षा बुडवून तो सांगलीला खेळायला गेला आणि तिसरा नंबर काढून आला. ते सांगायला दारातून धावत आला होता. अप्पांनी त्याच्या हातातला पट घेतला, सोंगट्यांची पिशवी घेतली आणि एक शब्द न बोलता बंबात टाकली. त्याच पाण्यानं आम्ही अंघोळी केल्या. विलास त्यानंतर अप्पांशी बोलला नाही. अप्पाही हट्टाला पेटले, म्हणाले, येईल आपोआप ताळ्यावर. सतराव्या दिवशी कावीळ डोक्यात गेली आणि विलास गेला. बोलायचं राहून गेलं.

"अप्पा, एक सांगायचंय," मी म्हणते. "यंदा शेवटची. आता माझ्याच्यानं होत नाही. आणि माझ्यामागं बघणारं कुणी नाही."

"बंद कर."

महिनाभर झोप उडाली होती माझी ज्या गोष्टीपायी, ती दोन शब्दांत संपली.

"तुम्हाला वाईट नाही वाटत?"

"छत्तीस वर्षं लोकांच्या पोरांना खेळवलं, शकू. माझ्या पोराशी खेळायचं राहिलं." ते चिमट्यानं काहीतरी बाहेर काढतात. उंट. मग हत्ती. राख झटकून शेजारी मांडून ठेवतात. एकही जळलेला नाही. "तो तिथं रोज पट मांडतो. पांढऱ्या माझ्याकडं देतो. मी राजासमोरचं प्यादं सारतो, दोन घरं. मग तो त्याचं सारतो. मग माझी पाळी."

"मग?"

"मग काय? मी तसाच बसतो. तोही बसतो. घड्याळ माझंच चालू असतं."

"काही बोलत नाही?"

"पटावर बसलं की बोलायचं नसतं म्हणे. तूच सांगितलं होतंस."

मला रडू येतं आणि रागही येतो. दोन्ही एकदमच येतात, माझं नेहमीचंच आहे.

"मला शिकव," अप्पा म्हणतात.

"आत्ता? इतकी वर्षं शेजारी उभी होते, तेव्हा नाही विचारलंत?"

"तू शिकवलं नसतंस."

"नसतं शिकवलं."

खरं आहे ते. मला खेळ येतो. विलासनंच शिकवला होता, याच परसात, खडूनं फरशीवर घरं आखून. अप्पांना प्याद्यापलीकडं काही येत नाही हे मला पहिल्या वर्षीच कळलं होतं. एका दुपारचं काम होतं. पण मी छत्तीस वर्षं त्यांच्या कानात एवढंच सांगत राहिले, राजासमोरचं, दोन घरं, आणि पुढं तोंड मिटलं. ज्यानं पट जाळला त्याला खेळ कशाला यायला हवा, असं वाटायचं. लोकांना मी वडिलांची सेवा करणारी लेक दिसत होते. मी शिक्षा देत होते. त्यांना ते कळत होतं आणि ते मुकाट्यानं घेत होते, हे मला आज कळतंय.

"शकू, उजाडेल गं."

"दुपार आहे अप्पा."

"मग चार वाजतील."

मांडीवर ताट आहेच. मी त्यांच्या कानामागची पेन्सिल काढून घेते आणि ताटावर घरं आखते. त्यांच्या हातातला चिमटा आता छिन्नी झालाय. हातोडी माझ्याकडं आहे, छिन्नीही मी घेते.

"सगळं नाही होणार. एक घोडा शिकवते. प्याद्यानंतर घोडा काढायचा. हा अडीच घरं चालतो. दोन घरं सरळ, मग एक बाजूला. असा." मी मधोमध एक ठिपका ठोकते, मग त्याच्या भोवती आठ. "इथून या आठांतल्या कुठल्याही घरात जाता येतं."

"मधे कुणी उभं असलं तर?"

"असू दे. त्याच्या डोक्यावरून जातो. बाकी कुणाला जमत नाही ते, घोड्यालाच जमतं."

अप्पा ताटाकडं बघत राहतात. ओठ हलतायत, मोजतायत. शाळेत न गेलेल्या माणसाची मोजणी, बोट टेकवून टेकवून.

"दोन सरळ..."

"एक बाजूला."

"एक बाजूला. आणि जिंकायचं कसं?"

"त्याला वेळ लागेल अप्पा."

"मग राहू दे. मला हरायचंच आहे. त्याला एकदा मात करू दे, म्हणजे तो काहीतरी बोलेल."

"अप्पा, माझं चुकलं," मी म्हणते.

ते हात पुढं करतात. "छिन्नी-हातोडी दे इकडं," एवढंच म्हणतात. ठक असा आवाज येतो. एकच.

शटर कुणीतरी ठोठावतंय. "शकूताई, चार वाजून गेले, उघडताय ना?" शेजारचा टेलर. मी हूं म्हणते. मान अवघडलीय, तोंड कोरडं पडलंय. मशीन उशाशी पडलंय, बंद. अप्पांची छिन्नी-हातोडी चार वर्षं खिळ्याला टांगलेली असते, ती माझ्या पायाशी आहे. झोपेत उठून मीच काढली असेल. माझं वय आता असलं काहीही करण्याचं झालंय.

ताट मांडीवर आहे. मधोमध एक ठिपका, भोवती आठ, आणि पेन्सिलीच्या अंधूक रेघा. सगळे ठिपके बारीक, थरथरते. माझेच आहेत. विजेत्याचं ताट वाया गेलं, आता दुसरं करायला हवं, असं म्हणत मी ते पुसायला घेते.

तेव्हा दहावा ठिपका दिसतो. त्या आठांच्या बाहेर, एकटाच, मी न ठोकलेला. आठांतल्या उजवीकडच्या एका ठिपक्यावर बोट ठेवून मी मोजते. दोन सरळ, एक बाजूला.

ताट उलटं करून मागून हात फिरवते. माझे नऊ हाताला लागत नाहीत. दहावा लागतो.

"बरोबर आहे, अप्पा," मी म्हणते आणि शटर उघडायला उठते.