तासावर गायची खोली

मुलाच्या ऑफिसातला एक माणूस दर रविवारी आमच्याकडे चहाला येतो. दोन वर्षं कोरियात, सोलमध्ये राहून आलाय. प्रत्येक गोष्ट "आल्झो काका", म्हणजे तिकडच्या भाषेत "माहितीय ना काका", म्हणून सुरू करतो आणि चहाचा घोट घेताना तोंड फिरवतो. मला वाटलं, माझं थोबाड आवडत नाही याला. तर म्हणे, तिकडे वडीलधाऱ्यांसमोर दारू अशीच पितात, तीच सवय चहाला लागली.

तिकडे म्हणे माणसं तासावर खोली घेतात आणि दार लावून गातात.

"घरी गायला काय धाड भरते?"

"घरी शेजारी ऐकतात, काका. मी एकटाच जायचो. आई गेली तेव्हा तर रोज."

"गायला?"

"गायला कसलं, ओरडायला."

मला काही कळेना. आई मेल्यावर कुणी गाण्याच्या खोलीत जातं का? माझी बायको जाऊन सहा महिने झाले, मला रडूच आलं नाही. आणि रडायचं तरी कुठं? रविवारी इथं खिळा ठोकला तरी खालची बाई वर येते.

गेल्या रविवारी त्यानं मला खाली नेऊन आपल्या गाडीत बसवलं आणि काचा वर केल्या. "काका, काय असेल ते मोठ्यानं होऊन जाऊ द्या." मग लांब झाडाखाली जाऊन उभा राहिला.

मला गाणं येत नाही. वेड्यासारखा बसून राहिलो. मग ओरडलो, "तू गेलीस तेव्हा मी दवाखान्याबाहेर बिडी ओढत होतो गं!"

त्याला ऐकू गेलं का, कळलं नाही. मुलाला मी सांगितलंय, तिचा हात माझ्या हातात होता.