केसरबाईंच्या पालावरची गोलकीपर

छावणीच्या गुरुवारच्या बाजारात केसरबाई भाजी विकायला बसतात. राहायला मुकुंदवाडीत. नवरा कडुबा चिकलठाण्याच्या एका कंपनीत माल चढवायला-उतरवायला जातात, आणि केसरबाई जाधववाडीच्या मंडीतून भाजी उचलून आठवड्याचे बाजार करतात. त्यांच्या शेजारी गोजरबाई कांदे-लसूण घेऊन बसतात. दोघी दिवसभर भांडतात आणि एकाच डब्यातून जेवतात.

केसरबाईंची लेक निशा लहानपणी शाळा नसली की बाजारात यायची. टेम्पोवरून कोबीचे गड्डे खाली फेकले जायचे, ते झेलायचं काम तिचं. एक गड्डा जमिनीवर पडू द्यायची नाही. तिच्या शाळेतल्या खेळाच्या शिक्षिका संध्या मॅडम एकदा भाजीला आल्या, बराच वेळ ते बघत राहिल्या, आणि पुढच्याच आठवड्यात त्यांनी निशाला फुटबॉलच्या मैदानावर गोलच्या जाळीपुढं उभं केलं.

तिथून ती जिल्ह्याला गेली, राज्याला गेली, आणि सतरा वर्षांखालच्या मुलींच्या भारतीय संघात तिची निवड झाली. मुकुंदवाडीच्या चौकात फ्लेक्स लागला. ‘आपल्या वॉर्डाची लेक, देशाची गोलकीपर!’ निशाचा फोटो होता, आणि त्याच्या दुप्पट आकाराचा शिवराजचा. शिवराज म्हणजे तिथला ‘भावी नगरसेवक’. त्यानं ढोल-ताशाही सांगून ठेवला होता, पोरगी परत आली की मिरवणूक काढायची म्हणून.

स्पर्धा परदेशात होती, आशियाई पात्रता फेरीची. आपला संघ पहिला सामना दोन गोलांनी हरला. दुसरा यजमान संघाशी होता. तो आठ गोलांनी. तिसऱ्यात आपल्या पोरींनी एक गोल केला, पण आपल्यावर दोन झाले. तीन सामने, तिन्ही पराभव. आठवा गोल निशाच्या दोन्ही पायांमधून गेला होता. व्हिडिओतला नेमका तेवढाच तुकडा कापून कुणीतरी फोनवर टाकला आणि निशा घरी पोचायच्या आधी तो गल्लीत पोचला.

ढोल वाजला नाही. चौकातला फ्लेक्सही गायब झाला. निशा रिक्षातून उतरली, बॅग घेऊन घरात गेली, आणि मग मैदानाकडं फिरकलीच नाही. संध्या मॅडम दोनदा येऊन गेल्या. ती आतून बाहेर आली नाही.

“लोकांच्या तोंडी कशाला लागायचं?” कडुबा म्हणाले. “चार दिवसांत इसरतेत समदे.”

“इसरू नाय देणार मी,” केसरबाई म्हणाल्या. “माझी लेक देशाकडून खेळून आली. त्यात इसरण्यासारखं काय हाय?”

त्या उठल्या आणि थेट शिवराजच्या ऑफिसात गेल्या. तो खुर्चीतून अर्धा उठला.

“मावशी, बसा ना. चहा सांगू?”

“चहा नको. फ्लेक्स कुठंय?”

“त्याचं काय झालं मावशी, जरा हवा बघावी लागते. लोक नावं ठेवायला लागले. म्हणून काढला.”

“नावं कुणाला ठेवायलेत? तुला का तिला?”

शिवराज टेबलावरचे कागद सारखे करू लागला.

“तिला ठेवायलेत. ती घेती सोसून. तुझं काय गेलं? काढला तर काढला, मला दे तो.”

फ्लेक्स गोडाऊनमागं गुंडाळी करून टाकला होता. केसरबाईंनी तो झटकला, खांद्यावर घेतला आणि गुरुवारी बाजारात आपल्या पालावर ताणून बांधला. असले जुने फ्लेक्स बाजारात सगळेच बांधतात, उन्हाला बरे पडतात. पण सगळे छापील बाजू आत करून बांधतात. केसरबाईंनी ती बाहेर केली. कापड जास्त होत होतं, तेव्हा शिवराजचा फोटो दुमडून बांबूखाली घातला. वर राहिली फक्त निशा, हातात मोजे, अंगात निळा शर्ट.

“अगं बाई, काय हे!” गोजरबाईंनी कपाळाला हात लावला. “लोक हसतेन ना.”

“हसू दे. हसत हसत भाजी घेतेन.”

लोक हसलेच. दुपारपर्यंत दोन-तीन पोरं येऊन फोटो काढून गेली. स्कूटरवरचा एक गृहस्थ भेंडी निवडता निवडता म्हणाला, “मावशी, आठ गोल खाल्ले ती हीच का?”

“व्हय, हीच. तुमच्या घरचं कोण गेलं होतं तिथं खेळायला?”

“आमच्या घरचं कोण जाणार?”

“मग भेंडी घ्या गुमान. कवळी हाय.”

पुढच्या गुरुवारपर्यंत बातमी निशापर्यंत गेली. दुपारी ती तोंडाला ओढणी बांधून बाजारात आली आणि पालामागं उभी राहिली.

“माय, उतरव ते.”

“नाय.”

“उलटं तरी कर. लोक हसायलेत मला.”

“तू चोरी केली का कुणाची?”

“आठ गोल झाले माय! आठ! तुला कळतंय का आठ म्हणजे काय ते?” निशाचा आवाज फुटला. गिऱ्हाइकं वळून बघू लागली.

“नाय कळत,” केसरबाई म्हणाल्या. “मला कुणी सांगितलंय? तू आल्यापासून भिंतीकडं तोंड करून पडलीस. बस इथं. सांग.”

निशा मेथीच्या जुड्यांजवळ पोत्यावर बसली. एका जुडीच्या काड्या मोडत राहिली. मग सांगू लागली. त्या यजमान संघाच्या पोरी वाऱ्यासारख्या पळतात. आपली बचावाची पोरगी तापात खेळत होती. तिसरा गोल वरच्या कोपऱ्यात गेला, तो कुणालाच अडवता आला नसता. पाचवा मात्र तिची चूक, पुढं यायला नको होतं. सांगता सांगता ती उठून उभी राहिली, हात पसरून दाखवू लागली. एकदा त्यांची पोरगी एकटी समोर आली तेव्हा निशानं पायांवर झेप घेतली आणि चेंडू छातीशी धरला. बरगडी अजून दुखत होती. ओढणी कधी सुटली तिला कळलं नाही.

“म्हंजे अडवले पण?” गोजरबाईंनी विचारलं.

“मग! अडवले ना.”

“किती?”

निशा थांबली. “मोजले नाय.”

“बघ,” केसरबाई म्हणाल्या. “आत गेलेले अख्ख्या मुकुंदवाडीनं मोजले. अडवलेले तू पण मोजले नायस.”

निशा घरी गेली नाही, मेथीवर पाणी शिंपडत तिथंच बसली. संध्याकाळी तो स्कूटरवाला परत आला. निशाला पाहून त्यानं वर फ्लेक्सकडं पाहिलं आणि ओठ दाबून हसू लागला.

“आठ,” निशाच म्हणाली. “मीच होते. उद्या बोलावलं तर उद्या जाईन, परत आठ झाले तरी जाईन. तुम्हाला काय पाहिजे, भेंडी का वांगी?”

त्यानं वांगी घेतली.

त्याच बाजारात एक बुरखेवाली बाई मुलीचा हात धरून आली. फ्लेक्सकडं, मग निशाकडं बघत म्हणाली, “ये तुमीच हैं क्या? मेरी आफरीन को बी सिखाते क्या? दिनभर दीवार पे बॉल मारती रैती, पड़ोसवाले चिल्लाते.”

“चिल्लाने दो,” निशा म्हणाली. “कल सुबह मैदान पे भेजो.”

म्हणजे सकाळी तिलाही जावं लागणार होतं. ती गेली. संध्या मॅडमनी तिच्यापुढं हातमोजे धरले.

मधल्या काळात तिचं वय सतराच्या पुढं गेलं. वरच्या वयोगटाच्या पहिल्या शिबिराला तिला बोलावलं नाही. दुसऱ्यालाही नाही. राज्याच्या स्पर्धेत ती इतकी चिवट खेळली की तिसऱ्या वेळी बोलावणं आलं, तेही राखीव म्हणून. नव्या पात्रता फेरीच्या आधी पहिल्या गोलकीपरचा खांदा निखळला आणि निशा पुन्हा जाळीपुढं उभी राहिली.

पहिला सामना संपल्यावर तिचा फोन आला.

“माय, हरलो. तीन.”

“जेवलीस का?”

“नाय.”

“जेव आधी. परत कधी हाय खेळ?”

“शनिवारी.”

“मग रडत बसू नको. झोप नीट.”

शनिवारी कडुबांनी सुट्टी टाकली आणि संध्या मॅडमच्या फोनवर दोघांनी सामना पाहिला. केसरबाईंना त्यातलं निम्मं कळलं नाही. चेंडू निशाच्या अंगावर आला की त्या खाटेची कड धरायच्या. शेवटी एक-एक गोलची बरोबरी झाली आणि पंचानं शिट्टी वाजवली. शेवटच्या मिनिटाला निशानं बोटांच्या टोकानं चेंडू बाहेर काढला होता, तेव्हा कडुबा उभे राहून एवढ्या मोठ्यानं ओरडले की शेजारचे दारात आले.

“बरोबरी म्हंजे काय? जिंकलो का हरलो?” केसरबाईंनी विचारलं.

“दोन्ही नाही,” संध्या मॅडम म्हणाल्या. “पण एक गुण मिळाला.”

तिसरा सामना संघ हरला आणि पात्र ठरला नाही. पण गुरुवारी केसरबाई बाजारात बसल्या त्या आवाज चढवूनच. कुणी काही विचारायच्या आत, टोमॅटो तागडीत टाकता टाकता, प्रत्येक गिऱ्हाइकाला त्या सांगत होत्या, “दोन हरलो, एक बरोबरी. पुढल्या वर्षी परत जायचंय. घ्या, टमाटे घ्या.”