कुत्र्याचं तेल आणि चहावाल्यावरचं बालंट

खून-दरोड्यांचे तपास केले, त्यातले निम्मे विसरलो. घनसावंगीचं ते कुत्र्याचं प्रकरण मात्र अजून डोक्यातून जात नाही. आठवलं की संताप होतो.

एका सकाळी एक निवृत्त सरकारी अधिकारी ठाण्यात आले. त्यांचा म्हातारा लॅब्रेडॉर मेला होता. "समोरच्या चहावाल्यानं विष घातलं. कुत्रं भुंकतं म्हणून त्याची कायम कटकट," असं त्यांनी ठासून सांगितलं. तक्रार नोंदवली, पंचनामा केला आणि चहावाल्याला अख्ख्या गल्लीदेखत उचलून आणलं.

तो हात जोडून म्हणाला, "साहेब, कटकट केली, खोटं कशाला बोलू? पण इख न्हाई घातलं. उलट रोज बिस्कुट टाकत व्हतो त्याला."

असं सगळेच म्हणतात. त्याला बसवून ठेवलं आणि जनावरांच्या डॉक्टरांना गाठलं. ते वैतागलेलेच होते.

"कुत्रं दारू प्यायल्यासारखं झुलतंय, लघवी गळतेय, असा मालकांचा फोन आला. मला गांजाचा संशय आला. काही दिलंय का, दोनदा विचारलं. नाही म्हणाले. घरच्यांनी विष समजून त्याला बळजबरीनं दूध-तूप पाजलं, ते फुप्फुसात गेलं. खरं सांगितलं असतं तर तोंडात काही घालू नका, तसंच घेऊन या म्हणालो असतो. बहुतेक वाचलं असतं."

तेवढ्यात खबऱ्याचा फोन आला. "साहेब, बाजारातला एक दुकानदार कुत्र्याच्या सांधेदुखीवर बिनलेबलाचं तेल इकून राह्यला. तुमचे तक्रारदार त्याचं पक्कं गिऱ्हाईक."

छापा घातला. दुकानदार निर्लज्जपणे म्हणाला, "बाहेरच्या देशात देतात साहेब, बिलकुल सेफ." तिकडचं तेल तपासलेलं, नशेचा अंश जवळजवळ काढलेलं असतं, आणि तेही डॉक्टरला विचारूनच द्यायचं. ह्या पठ्ठ्यानं सरळ गांजा तेलात उकळला होता. कुत्र्याला तर तो थोडासुद्धा बाधतो.

तक्रारदारांना बोलावून बाटली टेबलावर ठेवली. "दुखण्यावरचं साधं तेल आहे हो," ते म्हणाले. ठाण्याच्या दारात एक लंगडी कुत्री कायम पडून असायची. हवालदारानं तिला आत बोलावलं, मी दुधाची वाटी पुढं सरकवली. "हिचेही पाय दुखतात. घाला तुमच्या हातानं, तुमच्या कुत्र्याला घातलं तेवढंच."

त्यांनी बूच उघडलं, पुन्हा लावलं. "नको साहेब, मरेल ती," म्हणाले आणि रडायला लागले. गांजा आहे हे त्यांना ठाऊक होतं. डॉक्टर पोलिसांना कळवतील म्हणून भ्याले आणि घरच्यांपुढं चहावाल्याचं नाव घेऊन मोकळे झाले; मग तेच खोटं निभवायला ठाण्यात यावं लागलं. मला त्यांची काडीची दया आली नाही. दुकानदार आत गेला. हे गृहस्थ खोट्या तक्रारीतून माफीनाम्यावर सुटले.

चहावाल्याला म्हणालो, "जा, तुझ्यावर काही नाही."

"मंग गल्लीत येऊन सांगा की साहेब. इख घालणाऱ्याच्या हातचा चहा कोण पिणार?"

गेलो, चार लोकांत सांगितलं. तरी गिऱ्हाईक फिरकेना. म्हणून मी रोज वर्दीत तिथं बसून चहा प्यायला लागलो, लोकांनी बघावं म्हणून. लोकांनी बघितलं आणि चौकशी अजून चालूच आहे असं ठरवून टाकलं. दोन महिन्यांत त्यानं टपरी मोडली. खरा गुन्हेगार शोधला की काम संपलं, असं मी नोकरीभर समजत होतो. बालंट उतरवायचं कलम मात्र आमच्या पुस्तकात कुठंच नव्हतं.