कपाटावरचा डोळस फ्लॅश

गेल्या श्रावणात मी माझ्या सासुरवाडीच्या बहुतेक सगळ्या माणसांना थोडा थोडा वेळ आंधळं केलं. हेतू चांगला होता. (माझा हेतू नेहमीच चांगला असतो. घरात त्याचीच धास्ती आहे.)

माझ्या बायकोचे, म्हणजे सुनंदाचे, दोन थोरले भाऊ, नाना आणि आप्पा, कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. विहिरीवरची मोटर कोणी जाळली, एवढ्यावरून. पण अमळनेरजवळच्या त्यांच्या गावी कानबाई देवी बसते तेव्हा तिच्या प्रसादाचा रोट साऱ्या भाऊबंदांनी एकाच घरात खायचा असतो. त्यामुळे त्या दिवशी आप्पांना नानांच्या दारात यावंच लागतं. येतात, मान खाली घालून जेवतात, जातात.

"दोघांचा एकत्र एक फोटो काढून द्या," सुनंदा मला म्हणाली. "आईच्या फोटोशेजारी लावीन. दुसरं काही मागत नाही." मी लगेच जळगावच्या कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो.

"रेडिओवाला फ्लॅश घ्या," दुकानदार म्हणाला. "भिंतीआड ठेवला तरी चालतो."

"आणि हा?"

"हा डोळ्यावर चालतो. कॅमेऱ्याचा फ्लॅश याला दिसला, की हाही उडतो. पण मधे आड काही यायला नको."

मला डोळेवाला आवडला. समोर दिसेल त्यालाच साथ देणारी वस्तू मला प्रामाणिक वाटली. भिंतीआडून चालणारं काम म्हणजे कानगोष्टी. "तुमचा कॅमेरा दोनदा चमकत असेल तर मागचं बटण..." असं दुकानदार पुढे सांगत होता. मी समजूतदारपणे मान हलवली आणि निघालो.

कानबाईच्या संध्याकाळी नानांच्या पुढच्या खोलीत देवी मांडलेली. मी जावई, म्हणजे भाऊबंदांबाहेरचा, म्हणून रोटावर माझा हक्क नाही. साहजिकच घरातला सगळ्यात रिकामा आणि सगळ्यात उत्साही माणूस मीच होतो. फ्लॅश लोखंडी कपाटावर चढवला आणि दोघा भावांना देवीच्या एका बाजूला उभं केलं. मधे एक बैलगाडी जाईल एवढं अंतर.

"जरा सरका ना, आप्पा."

"त्यास्ना घर शे, त्यास्ले सरकाले सांगा," आप्पा माझ्याकडे बघून म्हणाले.

"पाहुण्यानी सरकाले पायजे," नानाही मलाच म्हणाले.

दोघे अर्धे अर्धे सरकले. मी बटण दाबलं. कपाटावर काहीच झालं नाही, कारण नेमक्या तेव्हा मोठ्या वहिनी रोटाचं ताट घेऊन मधून गेल्या.

"वहिनी, मधे येऊ नका. त्याला कॅमेरा दिसला पाहिजे."

"मग आम्ही काय उडत जाऊ?"

मी स्वयंपाकघराची वाट बंद केली. आत रोट, बाहेर भुकेले भाऊबंद, मधे मी. पुन्हा दाबलं. खोलीत वीज कोसळल्यासारखा उजेड झाला. सगळ्यांनी डोळे मिटले, एक बाळ रडायला लागलं. मी अभिमानाने कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं तर अंधार.

पुन्हा दाबलं. पुन्हा वीज, पुन्हा अंधार.

"उजेड तर बठ्ठास्नी देखा," नाना म्हणाले.

"सगळ्यांनी पाहिला, फक्त कॅमेऱ्याने नाही," मी कबूल केलं.

(कारण मला परतीच्या एसटीत समजलं. माझा कॅमेरा फोटोआधी एकदा चाचपणीचा चमकतो आणि मग खरा. आमचा प्रामाणिक फ्लॅश पहिल्याच चमकेला सगळा जीव ओतून बसायचा. फोटोच्या वेळी तो दमलेला असायचा आणि त्याच्यावर विसंबून कॅमेराही आपला उजेड आखडता घ्यायचा. यावरचा उपाय म्हणजे ते मागचं बटण.)

पण तेव्हा मला वाटलं, उजेडच कमी पडतोय. मी स्वयंपाकघरातून मोठी परात मागवली आणि सुनंदाला ती तिरकी धरायला लावली, म्हणजे फ्लॅशचा उजेड परातीवरून थेट भावांच्या तोंडावर यावा.

आला. थेट डोळ्यांत.

"मरी गऊ!" आप्पा ओरडले. डोळे चोळत, आधार शोधत त्यांनी हात पसरले आणि एक खांदा घट्ट धरला.

"कोन शे?"

"मी शे," खांदा म्हणाला. "तू कोन?"

"आप्पा."

दोघांनाही दिसत नव्हतं, म्हणून कोणालाच तोंड फिरवता येईना. शेवटी नाना म्हणाले, "आप्पा, तुले काही दिसस का?"

"हिरवं हिरवं दिसस."

"माले बी. आपला जवाई पुरा येडा शे."

"मी तं लगीनमाच सांगेल व्हतं."

"तवय मी ऐकं नही," नाना म्हणाले. "चूक मनी शे."

इतक्या वर्षांत नानांनी पहिल्यांदा आप्पांपुढे चूक मान्य केली होती. खांदे एकमेकांना टेकलेले, दोघे डोळे पुसत हसत होते आणि परातीमागे सुनंदा रडत होती. असा क्षण पुन्हा येणार नव्हता. मी श्वास रोखला आणि बटण दाबलं.

वीज. अंधार.

त्यानंतर मला हात धरून ओसरीवर बसवण्यात आलं. आतून रोट वाढल्याचा आवाज येत होता आणि दोघा भावांचं बोलणं. विषय मीच होतो.

आता ते रोज फोनवर बोलतात. सुनंदाने तो शेवटचा फोटो मोठा करून आईच्या फोटोशेजारी लावला आहे. त्यात दोन पांढऱ्या टोप्या आणि परातीची कड एवढंच दिसतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती बोट ठेवून समजावते, "ही टोपी नानांची, ही आप्पांची. बाकीचा सगळा अंधार आमच्या ह्यांचा."