खाडीच्या नकाशातला भरलेला कोपरा

भुतंखेतं, दैवी संकेत वगैरेंवर माझा काडीचा विश्वास नव्हता... आजही नाही. पण हे माझ्या डोळ्यांसमोर घडलं – तेही भर दुपारी.

नव्वदच्या दशकाची सुरुवात. डोंबिवलीत, मानपाड्याच्या एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये आम्ही काहीजण सुपरकॉम्प्युटर बनवत होतो. परदेशी मशीन मिळायला नकार आलेला, म्हणून आपलंच करायचं ठरलेलं. त्यात एकाच वेळी चालणारी बरीच सर्किट कार्डं. प्रत्येक कार्ड ठाण्याच्या खाडीच्या एकेका भागातल्या भरतीचं गणित करायचं.

त्या दिवशी बेंचमार्क, म्हणजे मशीनची परीक्षा. तपासनीस सगळी आकडेवारी नवी घेऊन आलेले. उत्तर चुकलं तर शेडला टाळं, हे आम्हाला माहीत होतं.

नेमकं सकाळीच एक कार्ड जळालं. ती कार्डं बनवणारा हेमंत कोळी, खाडीकाठच्या मासेमारी करणाऱ्या घरातला. त्याने ते काढून टेबलावर ठेवलं. आमचे प्रमुख साने सर यांनी तपासनिसांना सांगून टाकलं, नकाशाचा तेवढा कोपरा कोरा येईल.

मशीनचा रन संपला. प्लॉटरने नकाशा काढला... कोपरा भरलेला! प्रवाहाचे बाण थेट किनाऱ्यापर्यंत. तपासनिसांनी त्यांच्याकडच्या उत्तराशी ताडून पाहिलं – तंतोतंत. ते अभिनंदन करायला उठलेसुद्धा.

हेमंत हळूच म्हणाला, "सर, कार्ड तर इथे पडलंय."

आम्ही सगळे गप्प बसलो असतो तर पास होतो. पण सरांनी तपासनिसांना मशीनमधली रिकामी जागा दाखवली.

"जे उत्तर आम्हाला समजावून सांगता येत नाही, ते आमचं धरू नका," ते म्हणाले. "पुन्हा चालवू."

पुन्हा चालवलं. तोच प्रोग्राम, तीच आकडेवारी. या वेळी कोपरा कोरा. तपासनिसांनी नापास लिहिलं, पण टाळं लावण्याआधी नव्या कार्डासाठी मुदत दिली.

संध्याकाळी आईने विचारलं, झालात का पास? मी ताठ मानेने 'नाही' म्हणाले.

हेमंतने नवं कार्ड तयार केल्यावर तेच तपासनीस परत आले. त्या वेळी मशीनने पूर्ण खाडीचं बरोबर उत्तर दिलं, तेही मागितल्यापेक्षा लवकर. शेड वाचली.

मेमरी, वायरिंग, प्रोग्राम... आम्ही सगळं उलटंपालटं करून पाहिलं होतं. काही सापडलं नाही. पुढे त्या मशीनने मोठमोठी गणितं केली, आणि त्यातलं प्रत्येक उत्तर कसं आलं ते मी आजही सांगू शकते. त्या एका दुपारचं सोडून.