न वाचता कोरलेला दगड

"उलटं चाला," पहारेकरी म्हणाला. "देवाला पाठ दाखवू नका. आणि मोठ्यानं मोजा."

माझी आई उलटी चालली. एक. दोन. तीन. तिच्या पदरातून गोमूत्र गळत होतं. दगड शुद्ध करायला त्यांनी घागर ओतली होती, त्यातलं अर्धं मुद्दाम तिच्यावर. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. सातव्या पावलाला तिचा पाय खड्ड्यात गेला, ती पडली. कुणीतरी हसून म्हणालं, "बाई, पडलेलं पाऊल धरायचं नाही हो. पुन्हा सातपासून!"

तिनं पुन्हा सातपासून मोजलं.

बाराव्या पावलावर आम्हाला उभं केलं. मग कारकून देवळाच्या दाराशी आला. हातात सुपारी, तोंडावर नेहमीचं पुणेरी सौजन्य.

"अरे, तू?" मला म्हणाला. "बाकीच्यांचं एक वेळ समजू शकतो. पण तुला तरी ठाऊक असायला हवं होतं. दगडावर स्पष्ट लिहिलंय. तूच तर कोरलंस!"

आणि त्यानं वाचून दाखवलं. प्रत्येक शब्दावर बोट ठेवून, शाळेतल्या पंतोजीसारखं.

'या द्वारापासून बारा पावलांचे आंत हीन यातीचे कोणी येऊं नये. आल्यास पारिपत्य होईल.'

पारिपत्य झालंच होतं.

मी कोण, ते सांगतो. बिबवेवाडीच्या माळावर खाण आहे, तिथले आम्ही. पुण्यात श्रीमंतांच्या अमलात जे देऊळ उठतं, जो घाट बांधला जातो, त्याचा दगड आमच्या वस्तीतून जातो. माझा हात अक्षरांवर चांगला. कारकून गेरूनं दगडावर अक्षरं रेखून द्यायचा, मी त्यावरून छिन्नी चालवायची. वाचता यायचं नाही. मला अक्षरं म्हणजे आकार. हे कोयत्यासारखं, हे माशाच्या गळासारखं, हे पोट सुटलेल्या माणसासारखं. वरची रेघ सरळ ठेवायची, खाचा खोल घ्यायच्या. आत काय म्हटलंय ते विचारायची रीत नव्हती. मलाही विचारावंसं वाटलं नव्हतं. हे कबूल करतो.

त्या देवळावर मी आठ महिने होतो. गाभाऱ्याचे दगड आमच्या पाठीवरून आत गेले. तेव्हा कुणी बारा पावलं मोजली नाहीत. भिंत ओली असेतो आमचे हात चालतात. वास्तुशांत झाली, पंचगव्य शिंपडलं, की तीच भिंत आमच्या हातानं बाटते! शास्त्रीबोवा, एवढा नाजूक तुमचा देव, तर त्याचं घर तुम्ही स्वतः का बांधत नाही? एक दिवस घण उचलून बघा. पोथी उचलण्याइतकं सोपं नाही ते.

दारालगतचा तो दगड शेवटी आला. मी त्यावर सहा दिवस घालवले. इतकं सुबक काम मी आधी केलं नव्हतं. इतकं आवडलं, की खालच्या कोपऱ्यात माझ्या मनानं एक कमळ काढलं. कुणी सांगितलं नव्हतं. माझ्याच आईला हाकलणाऱ्या दगडावर मी हौसेनं कमळ काढलं.

आमच्यात रीत आहे. पोराच्या हातचा मोठा दगड दाराला बसला, की आईनं त्याला हळदीचं बोट लावायचं. वास्तुशांतीच्या दुसऱ्या दिवशी मीच तिला घेऊन गेलो. आठ महिन्यांची सवय, पाय आपोआप दाराशी गेले. तिनं बोट लावलं. म्हणाली, "लई ग्वाड काम हाय रं." तेवढ्यात पहारेकऱ्याची काठी तिच्या पाठीत बसली.

परतताना ती ओढ्यापाशी पदर पिळायला थांबली. माझ्याकडे न बघता विचारलं, "आनिक कुठं कुठं लिवलंयस असं?"



त्या दिवसापासून मला पुणं नीट दिसेना. चार वर्षांत मी पेठापेठांतून दगड कोरले होते. घाटावर, वेशीवर, सावकारांच्या दारांवर. रस्त्यानं जाताना माझंच एखादं अक्षर समोर यायचं. तोच गळ, तोच कोयता. हात माझा आणि बोलणं कुणाचं? सबंध शहरभर मी काहीतरी बोलून ठेवलं होतं, आणि काय ते मलाच ठाऊक नव्हतं. दार दिसलं की मी वाट बदलायचो. मी बोळाबोळानं जायला लागलो. बोळातही भिंती होत्या.

शिक्के कोरणारे एक मुसलमान चाचा आमच्या खाणीवर धार लावायचा दगड न्यायला यायचे. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी पानाची पिंक टाकली.

"मी उलटी अक्षरं कोरतो बेटा. उमटल्यावर सुलटी दिसतात. पण आधी वाचतो. न वाचता कोरलं आणि भलतंच उमटलं, तर माझी मान जायची."

"माझी कुठं गेली?" मी म्हणालो.

"तुझी गेली की. तुला कळायला उशीर झाला, एवढंच."

त्यांनी मला शिकवलं. दुपारी ऊन डोक्यावर आलं की त्यांच्या दुकानामागं, राखेत बोटानं. आकार हाताला पाठच होते, आवाज तेवढे जोडायचे होते. तीन महिन्यांत जोडले. मग मी माझे दगड वाचायला निघालो. जवळ जायची गरज नव्हती. माझ्या खाचा खोल असतात, बारा पावलांवरून वाचता येतात.

एका घाटावर कुणाच्या तरी मातोश्रींचं नाव होतं, त्यांच्या स्मरणार्थ बांधलेला. त्यांच्या मातोश्री दगडात. माझी आई गोमूत्रात. एका दारावर नुसता शुभ-लाभ. आणि एका विहिरीच्या पायऱ्यांशी पुन्हा तेच. हीन यातीचे कोणी येऊं नये. त्या विहिरीवर आमच्या बायका पाणी भरायच्या. एका उन्हाळ्यात अचानक धोंडे खाऊन परत आल्या. आम्ही सगळ्यांनी राखणदाराला शिव्या घातल्या होत्या. मी सगळ्यात मोठ्यानं.

पुढच्याच पंधरवड्यात कारकून खाणीवर आला. नव्या हौदाच्या दारासाठी दगड हवा होता. गेरूनं रेखून झाला होता.

"मागच्यासारखंच सुबक हवं," म्हणाला. "कमळसुद्धा काढ हो. धन्यांना आवडलं ते."

मी छिन्नी उचलली नाही. म्हणालो, "काय लिहिलंय, वाचून दाखवा."

"तुला काय करायचंय? पोथी सांगायला बसणार आहेस?"

मग मीच वाचलं. मोठ्यानं. 'हीन यातीचे कोणी या हौदाचें पाणी घेऊं नये.' घण थांबले. सगळी खाण ऐकत होती. हौदाचं पाणी कुणी प्यायचं नाही, ते माझ्या तोंडून आमच्या लोकांनी ऐकलं. कारकुनाच्या हातातली सुपारी खाली पडली.

"कोणी शिकवलं तुला?"

ते नाव मी त्याला दिलं नाही, इथंही देणार नाही. एवढंच म्हणालो, "हे मी कोरणार नाही."

"तू नाहीस तर दुसरा."

"मग दुसरा शोधा."

त्याला शोधावं लागलं नाही. दुसरा तिथंच उभा होता. माझा चुलता, खाणीचा मुकादम. तो पुढं झाला, छिन्नी उचलली आणि मला म्हणाला, "तुझ्या एका तोंडापायी साठ तोंडं उपाशी मारू व्हय रं?" लोकांनी माना खाली घातल्या. कुणी त्याला अडवलं नाही. मला त्याच दिवशी खाणीवरून हाकललं. शहरातली कामं बंद. आईनं तिची कुदळ उचलली आणि माझ्याबरोबर निघाली.

दगड हौदाला बसला. वेडावाकडा कोरलाय, पण वाचता येतो.

तेव्हा ऐका. शास्त्रीबोवांशी मला वाद घालायचा नाही. त्यांना जे हवं ते ते रेखतील. रेखलेलं धुतलं जातं. ते दगडात जातं आपल्या हातानं. म्हणून मी आता वस्त्या फिरतो. ज्याच्या हातात छिन्नी आहे त्याला अक्षर शिकवतो. शिव्या खातो. दोन ठिकाणी मार खाल्ला.

परवा चुलत्याकडे गेलो. त्याला हौदाच्या दारापाशी घेऊन गेलो, बारा पावलांवर उभं केलं. त्याचं बोट धरलं आणि त्यानं कोरलेल्या पहिल्या अक्षरावर रोखलं. "हा ह," म्हटलं. "म्हण."

"सोड," तो म्हणाला. "लोकं बगत्यात."

"बघू देत. याला वर वेलांटी, म्हणजे ही. पुढचा न. हीन. म्हण. हे तू आहेस."

तो बोट ओढायला लागला. म्हातारा असला तरी घण चालवणारा हात आहे. त्यानं शिवी दिली, दुसऱ्या हातानं माझ्या कानशिलात मारली. डोळ्यांत पाणी आलं होतं त्याच्या.

मी बोट सोडलं नाही. पुढच्या अक्षरावर नेलं.