चौथं चाक

रिसोडला माझी मोटारदुरुस्तीची शेड होती, तेव्हाची गोष्ट. मोटारींच्या बॉडीसाठी आणलेल्या सागवानी फळ्या अंगणात पडून असायच्या. त्या रचून आत ढकलत नेता याव्यात म्हणून मी एका सुताराला तिथेच अंगणात चाकांची गाडी करायला बसवलं. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. तो तोंडात खिळे धरून काम करायचा आणि बोलायचं झालं की आधी ते एकेक करून तळहातावर काढायचा. तेवढ्यातच माझा संयम संपायचा.

गाडीला तीन चाकं बसली आणि रब्बीची पेरणी आली. जो तो मोडकी तिफण घेऊन त्याच्याकडे येऊ लागला. माझी गाडी आठ दिवस तशीच कलंडून राहिली.

"अहो, माझं काम कधी करणार?" मी ओरडलो.

खिळे काढून झाल्यावर तो म्हणाला, "तुमचं लाकूड थांबते, जी. जमिनीतली ओल थांबत नाही."

नवव्या दिवशी आभाळ भरून आलं. फळ्या भिजल्या असत्या तर वाकल्या असत्या. मी त्याच्यावर वाट्टेल तसं तोंड सोडलं. तो उठला, वाकून त्याने गाडीचा बिनचाकाचा कोपरा दोन्ही हातांनी उचलला आणि म्हणाला, "ढकला."

चार खेपांत सगळ्या फळ्या आत गेल्या. त्याचे तळवे सोलवटले होते.

"आता तरी चाक बसवा," मी म्हणालो.

"उद्या पाहू. हे टोक धरा बरं जरासं."

दारात एक शेतकरी बैल घेऊन ताटकळत उभा होता. मी चरफडत तिफणीचं टोक धरलं.